दुकानदाराचा परवाना आणि स्वस्त कार्बाईनचा मोह

गेल्या महिन्यात नंदाखालच्या आमच्या कापडाच्या दुकानात सोपाऱ्याचा एक तरुण व्यापारी आला. रेडिमेडचा धंदा, आठवड्यातून दोनदा भिवंडी, महिन्यातून एकदा सुरत. चहा संपेपर्यंत गप्प होता. मग मोबाईल पुढे करून म्हणाला, "चाचा, असली कार्बाईन आपल्याला परवान्यावर मिळते का? अमेरिकेत आमच्या मामेभावाने पेट्रोल पंपासाठी घेतली आहे. आपल्याकडेही पुण्यात बनते म्हणे, पन्नास हजारांच्या आत."

आम्ही त्याला तेव्हा दोन शब्दांत नाही म्हटले. पण हाच प्रश्न आणखी दोघांनी विचारला, तेव्हा सविस्तर लिहिणे बरे असे वाटले. आमच्यापाशी गेली काही वर्षे परवाना आहे, सबब थोडाफार तजुर्बा आहे.

आधी कार्बाईन म्हणजे काय ते पाहू. पिस्तुलाचेच काडतूस, पण नळी लांब आणि मागे खांद्याला टेकवायला दस्ता. दोन्ही हातांनी व खांद्याने आधार मिळाल्यामुळे नवशिक्याचाही नेम पिस्तुलापेक्षा बरा लागतो, धक्का कमी बसतो, आणि काडतूस रायफलीच्या मानाने स्वस्त पडते. अमेरिकेत साध्या दुकानदारांना ही वस्तू आवडते ती याच कारणाने. तिथे तीन नावे नेहमी घेतली जातात. हाय-पॉइंट ही सर्वांत स्वस्त, अवजड आणि दिसायला ओबडधोबड. केल-टेकची सब-२००० मधोमध दुमडून पिशवीत मावते. रुगरची पीसी कार्बाईन महाग, पण बांधणीला सरस. तिकडच्या माणसाने निवड करायची ती या तिघींत, आणि आम्हाला विचाराल तर दुमडण्याच्या हौसेपेक्षा रुगरला चार पैसे जास्त देणे बरे. परंतु हा सल्ला तिकडचा.

आपल्याकडे या तिघींपैकी एकही कायदेशीरपणे घेता येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली हत्यारांचे वर्ग पाडले आहेत. हत्यारांचे दुकानदार त्यांना थोडक्यात 'पीबी' आणि 'एनपीबी' म्हणतात, म्हणजे प्रतिबंधित बोअर आणि अप्रतिबंधित बोअर. फौज व पोलीस वापरतात ते नऊ मिलिमीटरचे काडतूस ज्यात बसते ते पिस्तूल प्रतिबंधित. घोडा दाबला की आपोआप पुढचे काडतूस भरणारी लांब बंदूक, मग ती कोणत्याही बोअरची असो, तीही प्रतिबंधित. म्हणजे स्वस्त कार्बाईन दोन्ही कलमांत अडकते. असे हत्यार बाळगायला केंद्र सरकारची खास परवानगी लागते, आणि ती कापडाच्या दुकानाला मिळत नाही.

राहिली पुण्याची गोष्ट. ती खोटी नाही. पुण्याची शस्त्रसंशोधन संस्था, म्हणजे एआरडीई, आणि महूचे इन्फंट्री स्कूल यांनी मिळून 'अस्मी' नावाची नऊ मिलिमीटरची मशीन पिस्तूल बनविली. जानेवारी २०२१ मध्ये ती जाहीर झाली. चार महिन्यांत तयार केली, एका नगाचा उत्पादनखर्च पन्नास हजारांच्या आत राहील, असे तेव्हा सांगण्यात आले. पुढे २०२४ मध्ये लष्कराच्या उत्तर विभागासाठी ५५० नगांची मागणी हैदराबादच्या एका कारखान्याला मिळाली. फौजेकडे त्याआधी कानपूरची जुनी स्टर्लिंग धाटणीची कार्बाईन होती, परदेशी एमपी-५ महाग पडत होती. स्वस्त कार्बाईनची निवड आपल्या देशात झाली ती अशी, फौजेच्या दरबारात. आमच्या तरुण मित्राने बातमीतला भाव वाचला, गिऱ्हाईक कोण ते वाचले नाही.

बँकेच्या दारातला पहारेकरी आठवा. इतकी रोकड आत असूनही त्याच्या खांद्यावर असते ती बारा बोअरची दुनळी. खाजगी माणसाला परवान्यावर मिळू शकणाऱ्या हत्यारांत तीच सर्वांत साधी, म्हणून.

आता परवानाधारक दुकानदाराच्या हाती काय उरते? मुख्यतः तीन चीजा. ०.३२ चे रिव्हॉल्व्हर, ०.३२ चे पिस्तूल आणि बारा बोअरची बंदूक.

रिव्हॉल्व्हर कानपूरचे. सहा काडतुसांचे, जुन्या वेब्ली धाटणीचे, मधून मोडून उघडणारे. त्याच घराण्यात जानेवारी २०१४ मध्ये 'निर्भीक' आले, वजन सुमारे ५०० ग्रॅम, त्या वेळचा भाव १,२२,३६० रुपये. ऑगस्ट २०२३ मध्ये 'प्रबळ' आले. त्याची चकरी बाजूला उघडते आणि पल्ला पन्नास मीटर सांगतात. पिस्तूल बंगालमधल्या इशापूरचे, 'अशनी' नावाचे. ते चपटे असते, कमरेला कमी फुगते, भरायला झटपट. पण एखादे काडतूस फुसके निघाले तर पिस्तुलात सरक मागे ओढून ते काढावे लागते. रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा पुन्हा दाबला की पुढचे काडतूस समोर येते. आमच्यासारख्या वर्षातून एकदा सराव करणाऱ्या माणसाला रिव्हॉल्व्हरच बरे, असे आमचे मत. एक खबरदारी घ्यावी. दोन्हींना बाजारात ०.३२ म्हणतात, पण काडतूस वेगवेगळे आहे. रिव्हॉल्व्हरची काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात बनतात, तिथेच बारा बोअरचीही. विकत घेताना डबी वाचून घ्या, दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

भावाबद्दल. २२ सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्व्हर व पिस्तुलावरचा जीएसटी २८ वरून ४० टक्क्यांवर गेला. लाखाच्या मालावर चाळीस हजार सरकारला. 'परवडणारे' हा शब्द इथेच अर्धा मरतो. परदेशी माल तर ऐंशीच्या दशकापासून सर्वसामान्यांना आयात करता येत नाही; जुने वेब्ली किंवा वाल्थर एका परवान्यावरून दुसऱ्या परवान्यावर फिरत राहते आणि त्याचे लाखो रुपये सांगतात. त्या नादाला लागू नये.

वाडीत एकटे घर असेल, गोदाम आडबाजूला असेल, तर बारा बोअर हा सर्वांत किफायतशीर मार्ग. ती लपवता येत नाही हाच तिचा गुण. चोराला दुरून दिसते आणि पोरांच्या हाती सहज लागत नाही. मात्र कार्बाईनसारखी आटोपशीर व्हावी म्हणून नळी कापून घेण्याचा अक्कलहुशारीचा सल्ला कुणी दिला तर त्या माणसाला दुकानाची पायरी चढू देऊ नका. वीस इंचांहून आखूड नळीची अशी बंदूक प्रतिबंधित वर्गात जाते, आणि नळी कापणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

परवान्याच्या अर्जाची वहिवाट २०१६ च्या शस्त्र नियमांनी ठरविली आहे. अर्ज, ओळख व पत्त्याचे पुरावे, डॉक्टरांचा दाखला, हत्यार चालविण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला आणि पोलीस चौकशी. आपल्या भागात १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय आहे, अर्ज तिथेच करायचा. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला दोनच हत्यारे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली. सुरतेला जाणाऱ्यांनी विशेष ध्यान द्यावे: परवान्यावर क्षेत्र लिहिलेले असते. ते केवळ महाराष्ट्र असेल तर तलासरी ओलांडून गुजरातेत पाऊल ठेवताच तुमचे कायदेशीर हत्यार बेकायदा होते. ज्या प्रवासासाठी हत्यार घेतले त्याच प्रवासात ते घरी ठेवावे लागते, असे आमच्या ओळखीत दोघांचे झाले आहे.

आता आमची स्वतःची गोष्ट. २०११ साली भिवंडीहून परतताना चिंचोटी-कामण रस्त्यावर आमची गाडी अडविली गेली. ड्रायव्हरच्या डोक्यात सळई बसली, आमच्या मांडीवरची पिशवी गेली, आणि पाठ फिरवून ते निघूनही गेले. एक लाख ऐंशी हजार रुपये. सारे मिळून दहा-बारा सेकंद. त्या रागातच आम्ही अर्ज केला, हेलपाटे मारले, तीन वर्षांनी परवाना मिळाला आणि रिव्हॉल्व्हर घेतले. पुढे पुष्कळदा मनात तो प्रसंग पुन्हा घडवून पाहिला. हात कमरेला जाईपर्यंत पिशवी गेलेली असते. गोळी सुटलीच तर मध्ये आपलाच ड्रायव्हर असतो. बहुधा पैशांबरोबर रिव्हॉल्व्हरही गेले असते, आणि मग त्या रिव्हॉल्व्हरने पुढे कुणाचा जीव घेतला याचा हिशेब आमच्या नावावर लागला असता.

गोळी केव्हा चालविता येते हेही समजून घ्यावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण केवळ मालासाठी जीव घेण्याची मुभा जबरी चोरी, सूर्यास्तानंतरची घरफोडी, राहत्या घराला वा गोदामाला आग लावणे अशा मोजक्या प्रसंगांतच, तीही जरुरीपुरतीच. गल्ल्यातून नोटा घेऊन पळणाऱ्या पोराच्या पाठीत गोळी घातली तर तुम्ही आरोपी.

ज्या कारणाने हा लेख लिहायला बसलो ते शेवटी सांगतो. त्या तरुणाने दुसऱ्या खेपेस हळू आवाजात सांगितले की एकाने त्याला "कार्बाईनसारखेच, पण देशी" देऊ केले आहे, पंचवीस हजारांत, परवान्याची भानगड नाही. आम्ही दुकानाची शटर अर्धी ओढली आणि त्याला बसविले. बिनपरवाना साधे हत्यार सापडले तरी २०१९ नंतर दोन ते पाच वर्षे कैद, प्रतिबंधित असेल तर सात ते चौदा. आणि आपल्या आडनावाच्या माणसाच्या गोदामात तसले काही सापडले तर प्रश्न कलमापाशी थांबत नाही. चौकशी भावापर्यंत जाते, भागीदारापर्यंत जाते, भिवंडीतल्या ज्या मागवाल्याने उधारीवर माल दिला त्याच्या दारापर्यंत जाते. वर्षानुवर्षांची पत एका छाप्यात जाते. तो बराच वेळ बोलला नाही. मग विचारले, "मग रोकड न्यायची कशी?"

हा खरा व्यापाऱ्याचा प्रश्न. त्याच्या आमच्या हिशेबात असे निघाले की भिवंडीच्या त्याच्या देण्यांपैकी निम्म्याहून अधिक थेट बँकेतून जाऊ शकते. नुसती सवय नव्हती. २०१७ पासून एकाच दिवशी एकाच माणसाकडून दोन लाख किंवा अधिक रोख घेणे आयकराच्या कायद्याने तसेही बंद आहे. दुकानदार विम्यात वाटेतल्या रोकडीचा भाग जोडून मिळतो, तो त्याने घेतलेला नव्हता. ठरावीक वार, ठरावीक रस्ता, ठरावीक काळी पिशवी, हेही त्याने बदलायचे कबूल केले. देशी मालवाल्याला त्याने आमच्यासमोर फोन करून नको म्हणून सांगितले.

आमचे रिव्हॉल्व्हर सध्या परवानाधारक हत्यार विक्रेत्याकडे रीतसर जमा आहे. निवडणुकीत पोलीस ठाण्यात ठेवून आलो होतो, परत घरी आणवेना; नातवंडे आता कपाटाच्या उंचीची झाली आहेत. नूतनीकरणाची तारीख जवळ आली आहे. थोरला म्हणतो विकून टाका, धाकटा म्हणतो परवाना सोडला तर पुन्हा मिळणार नाही. अर्ज टेबलावर आहे, अजून भरलेला नाही.