काट्याला चुकायला शिकवणारे

खऱ्या विमानाच्या वेगदर्शकाचा काटा कशानं हलतो? समोरून येणाऱ्या हवेनं. पंखाखाली किंवा नाकापाशी एक बारीक पिटो नळी असते, तोंड पुढे करून बसवलेली. हवा तिच्यात घुसते, दाब वाढतो, आतली पातळ पत्र्याची डबी फुगते आणि त्या फुगण्याला जोडलेली दातेरी चाकं काटा फिरवतात. आता घरातल्या कॉम्प्युटरवरचं विमान घ्या. तिथे नळी नाही, डबी नाही, हवेचा एक कणही नाही. तरी काटा हलतो, आणि तोही हुबेहूब तसाच! त्याला हलायला शिकवतं कोण?

बऱ्याचदा एखादा हौशी माणूस, तोही एक पैसा न घेता. मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर 1982 साली बाजारात आला आणि पुढे त्याची दारं अशी उघडत गेली की कुणीही आपलं विमान, आपलं कॉकपिट बनवून त्यात बसवावं. 2003 साली, राईट बंधूंच्या उड्डाणाच्या शताब्दीनिमित्त, त्याची एक आवृत्ती निघाली. त्या काळात नोकरीधंदा सांभाळून रात्री कॉकपिटचं पॅनेल रचणारी माणसं जगभर पसरलेली होती. पॅनेल पुरं झालं की ते सगळ्यांसाठी खुलं करायचं आणि पुढच्याला हात घालायचा.

असं एखादं पॅनेल उघडलं की पहिल्यांदा चकित करतो तो त्याचा साधेपणा. एक चित्र आणि साध्या मजकुराची एक फाइल. चित्रात कॉकपिटचा पुढचा भाग, खऱ्या विमानाच्या फोटोवरून मेहनतीनं साफ केलेला, तबकड्यांच्या जागा रिकाम्या. फाइलीत ओळीमागून ओळ: अमुक यंत्र डावीकडून इतक्या ठिपक्यांवर, वरून इतक्या ठिपक्यांवर, एवढं रुंद, एवढं उंच. नोटपॅडमध्ये आकडा बदला, वेगदर्शक उजवीकडे सरकलाच म्हणून समजा.

आणि चित्रातली काच? वैमानिकाला पुढचं आकाश दिसायला हवं ना! त्यावरची युक्ती मला फार आवडते. शुद्ध काळा रंग, म्हणजे लाल, हिरवा, निळा तिन्ही शून्य, सिम्युलेटर मुळी रंगवतच नाही. काचेच्या जागी तो काळा ओतायचा, की त्यातून ढग दिसायला लागतात. मग कॉकपिटमधल्या खरोखरच काळ्या वस्तूंचं काय? त्यांना तिन्ही आकडे शून्याऐवजी एक द्यायचे. डोळ्याला दोन्ही काळे सारखेच, पण एक भिंत असतो आणि दुसरा खिडकी.

यंत्र म्हणजे शाळेत करायला लावतात ते पुठ्ठ्याचं घड्याळच: खाली तबकडीचं चित्र, वर काट्याचं, मध्ये टाचणी. टाचणी कुठे टोचायची हे दोन आकड्यांनी सांगितलं की उरतं काटा फिरवणं. समजा विमान 2,500 फुटांवर आहे. उंचीदर्शकाचा लांब काटा दर 1,000 फुटांना एक फेरा मारतो, म्हणजे दोन फेरे पुरे करून तो 180 अंशांवर यायला हवा. आखूड काट्याचा एक फेरा 10,000 फुटांचा, म्हणून तो 90 अंशांवर. हा हिशेब यंत्राच्या स्वतःच्या फाइलीत लिहितात कसा? आधी उंची, मग हजार, आणि शेवटी क्रिया: भाग. 'उंचीला हजारानं भाग.' आपलं मराठी वाक्य ज्या क्रमानं चालतं त्याच क्रमानं! पोलिश तर्कशास्त्रज्ञ यान वुकाशेविच यांनी 1920च्या दशकात क्रिया आधी लिहायची पद्धत काढली होती. तिला उलटं केलं की ही पद्धत मिळते. कितीही लांबलचक सूत्र असू द्या, कंस एकही लागत नाही. आणि हा हिशेब सेकंदाला 18 वेळा नव्यानं होतो.

वेगदर्शक मात्र इतका सरळ नाही. वेग दुप्पट झाला की नळीतल्या हवेचा जोर चौपट होतो, त्यामुळे कित्येक जुन्या तबकड्यांवर आकडे सारख्या अंतरावर नसतात. कुठे दाटीवाटीनं, कुठे ऐसपैस. याचं सूत्र शोधत कोण बसणार? पॅनेलवाला तबकडीच्या चित्रावर एकेक आकडा गाठतो आणि नोंदवतो: 40 नॉट म्हणजे काट्याचं टोक या ठिपक्यावर, 60 नॉट म्हणजे त्या. मधल्या जागा सिम्युलेटर स्वतः भरून घेतो.

इथवर सगळी हुशारी झाली. खरी कमाल पुढेच आहे.

सिम्युलेटरला सगळं ठाऊक असतं. विमान समुद्रसपाटीपासून किती उंच, हे तो इंचाच्या अंशापर्यंत सांगेल. पण खऱ्या उंचीदर्शकाला उंची कळतच नाही! त्याला कळतो फक्त हवेचा दाब, आणि त्या दिवशी समुद्रसपाटीचा दाब किती हे वैमानिकानं बटण फिरवून त्याला सांगावं लागतं. तिथे एका हेक्टोपास्कलची चूक झाली की काटा जवळपास 30 फुटांनी खोटं बोलतो. म्हणून सिम्युलेटरच्या पोटात दोन उंच्या असतात, एक खरी आणि एक त्या यंत्रानं दाखवली असती ती. जाणकार पॅनेलवाला दुसरी निवडतो. पहिली निवडली तर काटा अंतर्ज्ञानी होईल आणि विमान खोटं वाटेल.

विमान किती वेगानं चढतंय ते दाखवणारा काटा पाहा. त्या यंत्रातल्या डबीला बाहेरचा दाब लगेच कळतो, पण डबीभोवतीच्या पेटीत तोच दाब मुद्दाम बारीक ठेवलेल्या छिद्रातून हळूहळू पोचतो. दोन्हीतला फरक म्हणजेच चढण्याचा वेग. अप्रतिम कल्पना, पण तिची किंमत म्हणजे उशीर: काटा स्थिरावायला साधारण सहा ते नऊ सेकंद लागतात. होकायंत्राची खोड तर आणखी गमतीची. उत्तर गोलार्धात पूर्वेकडे जाताना वेग वाढवा, विमान रेसभरही वळलेलं नसताना ते उत्तरेकडे वळल्याचं सांगतं! या सगळ्या खोडी पडद्यावर येतात त्या कुणीतरी आणल्या म्हणून. काट्यानं सेकंदाला इतक्याच अंशांहून जास्त फिरू नये, अशीही एक ओळ लिहिता येते. जो क्षणात अचूक उत्तर देऊ शकतो त्याला अडखळायला शिकवायचं, आणि तेही नेमकं त्या विमानासारखं. हे काम करणाऱ्यांबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे.

हा खटाटोप काट्यांसाठी का? कारण 1929 साली एक उड्डाण पहिल्यांदा संपूर्णपणे काट्यांच्या हवाली झालं. त्या वर्षी 24 सप्टेंबरला न्यूयॉर्कजवळ वैमानिक जिमी डूलिटल यांनी कॉकपिटवर झाकण ओढून घेतलं आणि बाहेरचं काहीही न पाहता विमान उडवलं, वळवलं, उतरवलं. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यातल्याच बिंगहॅम्टन गावात एड लिंक नावाचा तरुण जमिनीवर उडायला शिकवणारं यंत्र बनवत होता. घरचा धंदा ऑर्गन बनवायचा, म्हणून यंत्र डोलवायला त्यानं ऑर्गनचेच भाते वापरले! भरवशाचे काटे आणि त्यांची नक्कल करणारं यंत्र, दोन्हींचा जन्म एकाच सुमाराचा.

पुन्हा पॅनेलांकडे येऊ. फुकट पॅनेलांसोबत सहसा चार ओळींचा मजकूर असतो: वापरा, पण विकू नका. खाली श्रेयनामावली. तबकडी एकाची, रेडिओ दुसऱ्याचा, रात्रीचे दिवे तिसऱ्याचे. यातला एखादा तुकडा राहून गेला, तर पॅनेलवर त्या जागी नुसतं भोक दिसतं. 1996 साली मांडलेल्या आणि 1997 पासून उपलब्ध असलेल्या फ्लाइटगिअर या मुक्त सिम्युलेटरनं वेगळी अट घातली: हवं तर विकाही, पण आतली मांडणी कुणापासून लपवू नका. मला ही अट अधिक दूरदृष्टीची वाटते. मूळ कर्त्यानं हात काढून घेतला तरी काटा पुढच्या माणसाला दुरुस्त करता येतो.

आज काटेच संपत चाललेत, पडदे आलेत. मायक्रोसॉफ्टची 2020ची आवृत्ती आल्यावर फ्लायबायवायर नावाच्या स्वयंसेवी गटानं तिच्यातलं एअरबस ए320निओचं कॉकपिट नव्यानं रचायला घेतलं, फुकट आणि उघडं. खऱ्या एअरबसमध्ये वीज आली की पडद्यावर आधी सूचना येते: स्वयंचाचणी सुरू आहे, जास्तीत जास्त 40 सेकंद. कॉम्प्युटरला ते चित्र काढायला पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. तरी या लोकांनी ती सूचना लिहिली, आणि पडद्याला चाचणी संपेपर्यंत थांबायला लावलं.