लांब बोलपट आणि दोन तबकड्या

प्रदीर्घ बोलपट घरी पाहावयाचा तर तो एकाच तबकडीवर असावा की दोहोंवर विभागावा, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. पुण्याच्या प्रभात कंपनीने १९३६ साली काढलेला 'संत तुकाराम' १३१ मिनिटांचा आहे. पूर्वी घरोघरी असलेल्या व्हीसीडीत सुमारे ७४ मिनिटांचेच चित्र मावत असे. तेव्हा विभागणीवाचून गत्यंतर नव्हते. तबकडी भरली म्हणून एखादा अभंग अर्ध्यावर तुटावा, हे आम्हांस तरी रुचत नाही.

डीव्हीडीची गोष्ट निराळी. तिच्या दुहेरी थराच्या तबकडीत सुमारे साडेआठ अब्ज बाइट मावतात. जागा ठरलेली असल्यामुळे बोलपट जितका लांब, तितका प्रत्येक सेकंदाच्या चित्राचा वाटा कमी; एक भाकरी चौघांऐवजी आठांनी खावी, तसेच हे होय. मग चित्रातील बारकावे गाळावे लागतात, आणि धूर, पाऊस, वाहते पाणी अशा क्षणोक्षणी पालटणाऱ्या दृश्यांत चौकोनी ठिपके उमटू लागतात.

'तुकारामा'स एक तबकडी पुरते. तेथे दोन करणे म्हणजे ग्राहकाच्या खिशास उगाच चाट. परंतु आशुतोष गोवारीकर यांचा २००१ सालचा 'लगान' २२४ मिनिटांचा! तो एकीत बसतो, नाही असे नाही. पण वाटा बराच घटतो. असा बोलपट आम्ही दोहोंवरच पसंत करू. मात्र विभागणी मध्यंतरापाशीच व्हावी. कथेचा पूर्वार्ध दिग्दर्शकानेच तेथे संपविलेला असतो. तबकडी बदलावयास उठणाऱ्याने जाता जाता चहाचे आधणही ठेवावे.