घरचा फोन सोडताना

भिंतीजवळ फळी, फळीवर विणलेला रुमाल आणि रुमालावर फोन. पुष्कळ घरांत असे चित्र असे. आता बहुतेक घरांतली ती फळी रिकामी आहे. तार गेली, फोन गेला. ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल आला. काही घरांत अजून तारेचा फोन आहे. पण मुले म्हणतात, "बाबा, कशाला ठेवता? उगाच बिल भरता."

मुलांचे म्हणणे खोटे नाही. पण फोन सोडण्याआधी काही गोष्टी समजून घ्याव्यात. आम्ही त्या आधी समजून घेतल्या नाहीत. म्हणून आज तुम्हांला सांगतो.

फोन गावात आला

आपल्या देशात टेलिफोन तसा जुना. १८८२ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या शहरांत टेलिफोन सुरू झाला. बहुतेक खेड्यांत तो पोचायला पुढे शंभराहून अधिक वर्षे गेली. अर्ज करून लोक कित्येक वर्षे वाट बघत.

आमचा गाव रायगड जिल्ह्यातला, खाडीकाठचा. वाडीत पहिला फोन आमच्या घरी आला. मुंबईच्या चाकरमान्यांचे फोन आमच्याकडेच यायचे. मग आमची मुले धावत जाऊन हाक मारायची, "काकू, चला लवकर! मुंबईचा फोन आलाय!" लग्न ठरल्याची बातमी त्याच फोनवर आली. मयताची बातमीही त्याच फोनवर आली.

३१ जुलै १९९५ रोजी आपल्या देशात मोबाईलवरून पहिले बोलणे झाले. ते कलकत्ता आणि दिल्ली या शहरांमध्ये झाले. पुढे मोबाईल स्वस्त झाला आणि खेड्यातही आला. मग तारेच्या फोनची घंटा वाजेनाशी झाली. २०१९ साली आम्हीही तो सोडून दिला.

दोघांत फरक काय?

तारेच्या फोनला वीज कुठून मिळते? घरातून नाही. टेलिफोन केंद्रात मोठ्या बॅटऱ्या असतात. तांब्याच्या दोन तारांतून तिथली वीज फोनपर्यंत येते. म्हणून घरातली लाईट गेली तरी तो फोन चालतो.

आता बऱ्याच ठिकाणी तांब्याची तार जाऊन काचेचा बारीक धागा आला आहे. काचेतून वीज येत नाही. त्या फोनला घरात एक डबी बसवतात. ती डबी घरच्या विजेवर चालते. लाईट गेली की तो फोनही मुका होतो. तुमच्या घरी कोणती तार आहे, हे लाईनमनला विचारा.

मोबाईलला तार नसते. तो हवेतून लहरी सोडतो. त्या डोळ्यांना दिसत नाहीत. जवळचा टॉवर त्या पकडतो आणि आपले बोलणे पुढे पाठवतो. डोंगर आड आला किंवा टॉवर लांब पडला, तर लहरी नीट पोचत नाहीत. आपण म्हणतो, "रेंज नाही." टॉवरलाही वीज लागते. वीज गेली की काही वेळ तो बॅटरीवर चालतो, कुठे डिझेलच्या यंत्रावर चालतो. तेही संपले की टॉवर बंद.

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर आले. नारळी-पोफळी आडव्या झाल्या. विजेचे खांब पडले. कितीतरी गावांत दिवसच्या दिवस मोबाईल लागेना. मुंबईची मुले इकडे फोन करून थकली. तारेचा फोन असता तर चालला असता का? तसेही नाही. खांब पडले तिथे तारही तुटली. वादळापुढे दोन्ही सारखेच.

आमची चूक

मग मोठा फरक कोणता? तारेचा फोन घराचा असतो. मोबाईल माणसाचा असतो. माणूस बाहेर पडला की फोनही त्याच्याबरोबर बाहेर जातो.

ही गोष्ट आम्हांला उशिरा कळली. २०२२ सालचा पावसाळा होता. आम्ही सगळे शेतावर होतो. घरी आमची थोरली वहिनी एकटी होती. घरात मोबाईल तीन, पण तिन्ही आमच्या खिशांत! वहिनी मागल्या दारी पाय घसरून पडली. उठता येईना. ती सरकत सरकत ओटीपर्यंत आली. फोनची फळी तिथेच होती, पण रिकामी. दोन तासांनी शेजारचा मुलगा ताक मागायला आला, तेव्हा आम्हांला निरोप मिळाला. कमरेचे हाड मोडले होते.

दवाखान्यात वहिनी म्हणाली, "भावोजी, तो फोन असता तर मी हात लांबवून घेतला असता हो." आम्ही काय बोलणार? आम्ही बिल वाचवले होते. घरात मागे राहणाऱ्या माणसाचा विचार केला नव्हता.

आता त्याच फळीवर एक साधा मोबाईल असतो. मोठ्या बटणांचा, मोठ्या आवाजाचा. तो कोणी खिशात घालायचा नाही, असा घरचा नियम आहे. वहिनी आता काठी घेऊन हिंडते. रोज संध्याकाळी तीच तो चार्जिंगला लावते.

सोडण्याआधी काय करावे?

१. आधी रेंज बघा. ओटी, माजघर, मागले दार अशा सगळ्या जागी उभे राहून फोन लावून पाहा. भर पावसातही पाहा. घरात रेंज येत नसेल आणि तारेचा फोन नीट चालत असेल, तर तो सोडू नका.

२. एक मोबाईल घरातच ठेवा. त्याची जागा ठरवा. ती बसल्या बसल्या हात पोचेल अशी हवी.

३. नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा. पोलीस, अग्निशमन दल किंवा रुग्णवाहिका हवी असेल तर ११२. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८. खाली मुलाचा आणि शेजाऱ्याचा नंबर. मोबाईलवर अंक बहुधा इंग्रजी असतात. म्हणून मराठी अंकाशेजारी तोच अंक इंग्रजीत लिहा. तुम्ही आता अंक वाचता. घरातल्या म्हातारीलाही तेवढे शिकवा. तिच्याकडून एकदा फोन लावून घ्या.

४. मदत मागताना आधी गाव, वाडी आणि जवळची खूण सांगा. घरच्या फोनचा पत्ता केंद्रात नोंदलेला असतो. मोबाईल मात्र कुठेही असू शकतो.

५. रिचार्जची तारीख कॅलेंडरवर लिहा. मुदत संपली की आपला फोन बाहेर लागत नाही. नव्वद दिवस काहीच वापर नसेल, तर नंबर बंद होऊ शकतो. पुढे तो दुसऱ्या माणसालाही मिळू शकतो. आपले बँकेचे खाते त्याच नंबराला जोडलेले असेल, तर पंचाईत होते.

६. जुना नंबर जिथे जिथे दिला असेल, तिथे नवा द्या. बँक, गॅसवाला, दवाखाना, सोयरेधायरे. एक-दोन महिने दोन्ही फोन ठेवा. जुन्या फोनवर कोण येते ते पाहा आणि त्यांना नवा नंबर सांगा.

७. फोन बंद करण्याचा अर्ज लेखी द्या. शेवटचे बिल भरा. यंत्र कंपनीचे असेल तर परत करा. प्रत्येकाची पावती घ्या. सुरुवातीला अनामत रक्कम भरली असेल, तर ती परत मागा. ते आपले पैसे आहेत.

८. मोबाईलवर बँकेचा गुप्त आकडा येतो. तो कोणालाही सांगू नका. समोरचा स्वतःला साहेब म्हणवून घेत असला तरी सांगू नका. फसवणूक झालीच, तर ताबडतोब १९३० या नंबरावर कळवा.

मोबाईल वाईट नाही. शेतावरून बाजारभाव विचारता येतो, परगावी गेलेल्या मुलाचा आवाज रोज कानी पडतो. तारेच्या फोनचे भाडे परवडत नसेल, तर तो खुशाल सोडा. पण आज रात्री जेवायला बसाल, तेव्हा एवढे एकमेकांना विचारा : आपण सगळे बाहेर गेलो, तर घरी कोण राहते? त्या माणसाच्या हाताशी फोन आहे का? आणि तो त्याला लावता येतो का?