आयुष्याची दोरी



आयुष्याची दोरी वरच्याच्या हातात, असे आपण म्हणतो. घरात कोणी दगावले की ‘तेवढेच दिवस घेऊन आला होता’ असे म्हणून मनाची समजूत घालतो. समजूत घालावीच लागते, त्यात गैर काही नाही. पण एक विचार करून पाहा. सगळ्यांची दोरी एकच हात वळत असेल, तर खेड्यातली दोरी शहरातल्यापेक्षा आखूड का? 2016 ते 2020 या वर्षांच्या सरकारी नोंदी सांगतात की, आपल्या देशात शहरात राहणाऱ्यांचे सरासरी आयुष्य खेड्यातल्यांपेक्षा चार वर्षांहून जास्त आहे. केरळात ते सुमारे 75 वर्षे, तर उत्तर प्रदेशात सुमारे 66. आपल्या महाराष्ट्रात सुमारे 73.

देश स्वतंत्र झाला तेव्हा हेच सरासरी आयुष्य अवघे 32 वर्षांच्या आसपास होते. म्हणजे तेव्हा माणसे बत्तिशीतच म्हातारी होऊन मरत होती काय? तसे नव्हे. तुमचे आजोबा-पणजोबा सत्तरी गाठून गेले असतील. मग हा हिशेब कसा?

समजा, एका घरात चार भावंडे जन्मली. पहिले बाराव्या दिवसाच्या आतच गेले. दुसरे दोन वर्षांचे होऊन जुलाबाने गेले. तिसरा साठ वर्षे जगला आणि चौथी सत्तर. सगळ्यांची बेरीज 132 वर्षे. चाराने भागा, 33 येतात. तेहतिसाव्या वर्षी त्या घरात कोणीच मेले नाही, तरी सरासरी 33! पाळण्यातली दोन लेकरे गेली, त्यांनी घराचे आयुष्य खाली ओढले. म्हणून आयुष्य वाढवायचे तर सुरुवात म्हाताऱ्याच्या काठीपासून नाही, बाळाच्या पाळण्यापासून करावी लागते. 1971 साली देशात जन्मलेल्या हजार बाळांपैकी 129 बाळे पहिला वाढदिवस पाहत नव्हती. 2020 साली हा आकडा 28 वर आला. सरासरी आयुष्य वाढले त्यात याचा फार मोठा वाटा आहे.

मग हे सगळे गोळ्या-औषधांनी झाले का? औषधे आणि लस यांचा वाटा आहेच. पण जामखेडची हकीकत ऐका. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या जोडप्याने अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेडला काम सुरू केले. तालुका दुष्काळी. हजारात 176 बाळे वर्षाच्या आत जात होती. दवाखाना तर उघडला, पण लोकांची पहिली गरज होती पाणी आणि अन्न. जुलाबाचे पोर औषधाने बरे करून घरी पाठवायचे आणि त्याने पुन्हा तेच गढूळ पाणी प्यायचे, तर औषधाचा उपयोग काय? म्हणून पिण्याच्या पाण्याची सोय झाली, मुलांच्या पोटात सकस अन्न पडेल असे पाहिले गेले, बायकांची मंडळे निघाली. गावोगावच्या बायकाच आरोग्यसेविका झाल्या. त्यांतल्या कितीतरी निरक्षर होत्या, कितीतरी दलित वस्तीतल्या. त्याच बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या, शिवाशीव मागे पडू लागली. पंचवीस वर्षांत तो 176 चा आकडा तिसाच्या खाली आला.

आता आपल्या घराकडे वळू. घरात सर्वांत शेवटी कोण जेवते? बाई. तव्यावरची शेवटची भाकरी आणि भांड्याच्या तळाचे कोरड्यास तिच्या वाट्याला. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी निम्म्याहून अधिक जणींच्या अंगात रक्त कमी आहे, असे 2019-21 च्या पाहणीत दिसले. अशा बाईला लागोपाठ दिवस गेले तर काय होईल? एकाच रानात वरचेवर पीक घेतले आणि खत घातले नाही, तर दाणा कसा भरतो हे तुम्हांला आम्ही सांगायला नको. आईच्या अंगात रक्त नाही, म्हणून बाळ कमी वजनाचे. वजन कमी, म्हणून साध्या सर्दी-खोकल्यातही धोका. आणि मांडीवरचे पोर अजून पिते आहे तोच दुसरे आले, तर मोठ्याचे दूध तुटते आणि धाकट्याला पुरत नाही. दोन बाळंतपणांत तीन वर्षांचे अंतर ठेवा असे आशाताई सांगते, ते याच्यासाठी.

पूर्वी लोक म्हणत, चार होऊ द्या, त्यांतली दोन तरी हाताशी लागतील. त्या काळी त्यांचे चुकत होते असे आम्ही म्हणणार नाही. लेकरे जगतील याचा भरवसाच नव्हता. आज तो भरवसा पुष्कळ वाढला आहे. पण ‘मुलगा होईपर्यंत’ ही वाट पाहणे मात्र अजून सुटलेले नाही. त्यापायी एका मागोमाग एक बाळंतपणे होतात, आणि त्याची किंमत आई आपल्या अंगाने मोजते.

पोरीच्या लग्नाचेही तेच. त्याच पाहणीत, महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या शंभर बायकांपैकी सुमारे 22 जणींची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. आई-बापांची अडचण आम्हांला कळते. हुंडा वाढतो, ऊसतोडीला जायचे तर वयात आलेली पोर कोणाच्या भरवशावर ठेवायची? परंतु सोळाव्या वर्षी आई होणाऱ्या पोरीचे हाडच भरलेले नसते. तिचे बाळंतपण अडण्याचा धोका मोठा, बाळ अशक्त होण्याचाही. शिवाय शाळा सुटते ती सुटतेच. चार इयत्ता जास्त शिकलेल्या आईची मुले जास्त जगतात, हे सगळीकडे दिसून आले आहे. तिला लसीची तारीख वाचता येते, दवाखान्यात ती न भिता विचारते, आणि घरात तिचा शब्द थोडा तरी चालतो.

अंतर ठेवण्याची साधने सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. निरोध आहे, पोटात घ्यायच्या गोळ्या आहेत, दर तीन महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन आहे. तांबी पाच किंवा दहा वर्षे चालते आणि हवी तेव्हा काढता येते. कुटुंब पुरे झाले असेल तर शस्त्रक्रिया आहे. इथे पुरुषमंडळींना एक विचारायचे आहे. शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांत आपल्या राज्यात पुरुष फारच थोडे निघतात. का बरे? बिनटाक्याची नसबंदी काही मिनिटांची असते, माणूस त्याच दिवशी घरी जातो, ताकद जात नाही. मात्र तिचा गुण लगेच येत नाही. पुढचे तीन महिने निरोध वापरायचा आणि मग तपासणी करून खात्री करून घ्यायची. कोणते साधन वापरायचे, हे तुम्ही दोघांनी मिळून ठरवायचे आहे. कोणाची सक्ती नाही.

कामासाठी बाहेरगावी जाणार असाल, तर निघण्यापूर्वी आशाताईला सांगा आणि माता-बाल संरक्षण कार्ड सामानात ठेवा. ते दाखवले की जिथे जाल तिथल्या सरकारी दवाखान्यात गरोदर बाईची तपासणी आणि बाळाची पुढची लस अडत नाही. उपकेंद्रावर सल्ल्याला येताना मात्र दोघे बरोबर या. सासूबाईंना यायचे असेल तर त्यांनाही आणा.