वाघाचे पट्टे आणि खिशातला कॅमेरा

२०२१ सालच्या मार्च महिन्यात गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात एका वाघाचे छायाचित्र मिळाले. हे अभयारण्य तेव्हाच्या औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या बाजूला आहे. तेथे कित्येक दशकांत वाघ दिसला नव्हता. मग हा पाहुणा आला कोठून? छायाचित्रातील पट्टे इतर ठिकाणच्या वाघांच्या छायाचित्रांशी ताडून पाहिले गेले आणि उत्तर मिळाले. तो यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरचा वाघ होता! शेकडो किलोमीटर चालत तो तेथे पोहोचला होता.

केळापूर तालुक्यातील विद्यार्थ्यांना टिपेश्वर काही नवे नाही. पांढरकवड्याहून सुन्ना गावाकडे निघाले की अभयारण्याचे प्रवेशद्वार लागते. सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे हे जंगल केळापूर आणि घाटंजी तालुक्यांत पसरले आहे. जसे आपल्या अंगठ्याचे ठसे, तसेच वाघाचे पट्टे. दोन वाघांचे पट्टे कधी सारखे नसतात. इतकेच काय, एकाच वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टेही वेगळे असतात. म्हणून पट्टे स्पष्ट दिसणारे छायाचित्र ही त्या वाघाची ओळखपत्रिकाच होय.

आता तुम्ही म्हणाल, ‘छायाचित्र काढायला काय लागते? खिशात मोबाइल आहे की!’ खरे आहे. २०१० साली जगभरात सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. २०२३ साली हा आकडा ८० लाखांच्याही खाली आला. फोनने कॅमेऱ्याला घरातून जवळजवळ हद्दपारच केले. तरीही वन्यजीवांची छायाचित्रे काढणारे लोक आजही मुसळासारखी भिंगे खांद्यावर का वागवतात? ही नुसती हौस आहे की त्यामागे काही पदार्थविज्ञान आहे?

चला, गणित करून पाहू. दहावीपर्यंतचे प्रकाशविज्ञान त्याला पुरे आहे.

साध्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचे नाभीय अंतर सुमारे ४.४ मिलिमीटर असते. फोनची जाडीच आठ-नऊ मिलिमीटर, तेव्हा त्याहून लांब भिंग आत मावणार कसे? या भिंगाचे प्रकाश आत घेणारे छिद्र साधारण २.४ मिलिमीटर व्यासाचे असते, म्हणजे ज्वारीच्या दाण्याहूनही लहान. याउलट जंगलात वापरतात त्या ४०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या एखाद्या भिंगाचे छिद्र सुमारे ७१ मिलिमीटर भरते. 

छिद्राच्या आकाराने इतका काय फरक पडतो? प्रकाश ही लहर आहे. लहर अरुंद फटीतून गेली की पसरते. याला विवर्तन म्हणतात. त्यामुळे कितीही निर्दोष भिंग घेतले, तरी दूरच्या एका बिंदूची प्रतिमा बिंदू न राहता लहानसा ठिपका होते. आणि छिद्र जितके लहान, तितका दूरच्या वस्तूंचा बारकावा कमी कळतो. दोन बिंदू वेगळे दिसण्यासाठी त्यांच्यात किमान किती कोन हवा, याचे सूत्र सोपे आहे: १.२२ गुणिले प्रकाशाची तरंगलांबी, भागिले छिद्राचा व्यास. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.०००५५ मिलिमीटर धरा. फोनसाठी उत्तर येते सुमारे ०.०००२८ रेडियन. वाघ १०० मीटरवर उभा असेल, तर या कोनाचा अर्थ होतो २.८ सेंटिमीटर!

वाघाचे बरेचसे पट्टे बोट-दोन बोटे रुंदीचे असतात. म्हणजे १०० मीटरवरून साध्या फोनला वाघ दिसेल, तो वाघ आहे हेही कळेल. पण तो कोणता वाघ हे सांगणे कठीण. मोठ्या भिंगासाठी तेच गणित करून पाहा. उत्तर येते जेमतेम १ मिलिमीटर. (अर्थात हे आदर्श हवेतले गणित झाले. मे महिन्याच्या दुपारी आपल्याकडची तापलेली जमीन हवेला असे काही नाचवते की लाखाचे भिंगही हात टेकते.)

येथे कोणी विचारील, ‘पण माझा फोन ५० मेगापिक्सेलचा आहे, त्याचे काय?’ दुकानदार हा आकडा फार अभिमानाने सांगतात. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख चित्रबिंदू. फोनच्या संवेदकावर, म्हणजे प्रतिमा जेथे पडते त्या नखाएवढ्या तुकड्यावर, इतके चित्रबिंदू बसवायचे तर प्रत्येकाची रुंदी एक मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहूनही कमी ठेवावी लागते. पण विवर्तनामुळे भिंगाने पाडलेला ठिपकाच मुळी सव्वादोन-अडीच मायक्रॉन रुंद आहे. रांगोळीचा ठिपका चिमटीएवढा जाड पडत असेल, तर खालच्या कागदाच्या चौकटी कितीही बारीक आखून काय उपयोग? म्हणूनच असे फोन बहुधा शेजारचे चार-चार चित्रबिंदू एकत्र जोडून एकच मोजतात. आणि पडद्यावर दोन बोटे फाकवून चित्र ‘जवळ’ आणता, तेव्हा नवा तपशील काही येत नाही, असलेलाच ताणला जातो. काही महागड्या फोनांत लोलकाने किरण काटकोनात वळवून भिंग आडवे बसवतात. या युक्तीने नाभीय अंतर वाढते आणि लांबचे बरेच बरे दिसते. तरी छिद्र शेवटी काही मिलिमीटरचेच राहते.

ही झाली दूरच्या वस्तूची गोष्ट. आता अंधाराकडे वळू, कारण वाघ पहाटे आणि तिन्हीसांजेला फिरतो, आणि तुमच्या घरची लग्नेही पुष्कळदा मांडवातल्या अपुऱ्या उजेडातच लागतात.

पावसाची बारीक भुरभुर सुरू असताना अंगणात दहा वाट्या आणि दहा पराती मांडल्या, अशी कल्पना करा. मिनिटभराने थेंब मोजले, तर एका वाटीत सात, दुसरीत तेरा, तिसरीत दहा असा फरक दिसेल. परातींत मात्र हजारो थेंब पडलेले असल्याने त्यांच्यातला फरक प्रमाणाने अगदी थोडा असेल. प्रकाशही असाच कणाकणांनी येतो. सरासरीने १०० प्रकाशकण मिळत असतील, तर मोजणीत १० चा, म्हणजे दहा टक्क्यांचा चढउतार होतो. १०,००० मिळाले तर १०० चा, म्हणजे केवळ एक टक्क्याचा. वर्गमुळाचा हा नियम आहे. एकसारख्या करड्या भिंतीच्या चित्रात अंधारात वाळू शिंपडल्यासारखे जे कण दिसतात, ते या चढउतारामुळे. साध्या फोनच्या संवेदकाचे क्षेत्रफळ सुमारे २४ चौरस मिलिमीटर असते. ३६ गुणिले २४ मिलिमीटरच्या मोठ्या कॅमेरा-संवेदकाचे ८६४. एक वाटी, तर दुसरी परात.

मग फोनमधली रात्रीची चित्रे इतकी छान कशी येतात? येथे फोनने जी शक्कल लढवली आहे, ती खरोखर दाद देण्याजोगी आहे. तुम्ही एकदा बटण दाबता, पण फोन एक नव्हे, आठ-दहा किंवा अधिक चित्रे भराभर टिपतो. हाताच्या कंपामुळे ती किंचित सरकलेली असतात. आतला गणकयंत्राचा मेंदू ती एकमेकांवर नेमकी बसवतो आणि सरासरी काढतो. नऊ चित्रांची सरासरी काढली की कणांची खरखर एक-तृतीयांश होते. एक वाटी नऊ वेळा पावसात धरल्यासारखेच हे. मोठ्या कॅमेऱ्याने काचेच्या जोरावर केले, ते फोनने गणिताच्या जोरावर केले. स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने १९७५ साली कोडॅक कंपनीत पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तेव्हा १०,००० चित्रबिंदूंचे एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. आज तेवढ्या वेळात फोन असे कितीतरी गणित उरकतो!

मात्र या युक्तीला एक अट आहे. समोरची वस्तू स्थिर हवी. संध्याकाळच्या कबड्डी सामन्यात चढाई करणारा गडी नऊ चित्रांत नऊ ठिकाणी असतो. मग त्याचा हात तरी पुसट होतो, नाही तर फोन ती चित्रे टाकून देतो आणि वाळू परत येते.

आणि याहून मोठी एक भानगड आहे. अलीकडचे काही फोन नुसती सरासरी काढून थांबत नाहीत. लाखो चित्रे पाहून शिकलेला संगणक-कार्यक्रम पुसट जागी ‘येथे काय असावे’ याचा अंदाज करतो आणि तो रंगवून टाकतो. २०२३ साली एका हौशी माणसाने चंद्राचे मुद्दाम धूसर केलेले चित्र संगणकाच्या पडद्यावर लावले, दिवे मालवले आणि लांब उभे राहून फोनने त्याचे छायाचित्र घेतले. फोनने दाखवलेल्या चंद्रावर मूळ चित्रात नसलेली विवरे अगदी ठळक उमटली होती! चंद्राच्या बाबतीत ही गंमत म्हणून सोडून देता येईल. त्याची एकच बाजू आपल्याला दिसते, ती सर्वांना पाठ आहे. पण वाघाच्या कुशीवर फोनने आपल्या मनाने पट्टा काढला तर? २०१८ साली पांढरकवडा-राळेगाव भागात टी-१ वाघिणीचा, जिला लोक अवनी म्हणत, महिनोन्‌महिने शोध चालला होता आणि त्यासाठी जंगलात कॅमेरेही लावले होते. २ नोव्हेंबर २०१८ रोजी ती मारली गेली. समोरचा वाघ नेमका कोणता, या प्रश्नावर एखाद्या जनावराचा जीव आणि एखाद्या गावाची झोप अवलंबून असते. तेथे ‘सुंदर’ चित्र नको, खरे चित्र हवे.

गंमत अशी की वनखात्याचे जंगलातले कॅमेरे ना फोनसारखे हुशार असतात, ना त्या मुसळी भिंगांसारखे महाग. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना, गुडघ्याएवढ्या उंचीवर, झाडाला किंवा खुंट्याला एकेक साधा कॅमेरा बांधतात. समोरून उबदार शरीर हलले की तो आपोआप उघडतो. दोन कॅमेरे, म्हणजे दोन्ही कुशी मिळतात. आणि वाघ १०० मीटरवर नव्हे, तीन-चार मीटरवरून जातो! मघाचे सूत्र आठवा. अंतर तीसपट कमी झाले की लहानसे छिद्रही पुरते. २०१८-१९ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत अशी २६,८३८ ठिकाणे निवडली होती आणि मिळालेल्या साडेतीन कोटींच्या आसपास छायाचित्रांतून २,४६१ वेगवेगळे वाघ ओळखले गेले.

आता जंगलातून बाहेर येऊन कापसाच्या शेतात उभे राहू. येथे फासे उलटे पडतात.

२०१७ च्या हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीने कसा धुमाकूळ घातला, हे घरात विचारा. ही अळी पूर्ण वाढली तरी सेंटिमीटरभराची. तिचे किंवा डोमकळीचे जवळून चित्र घ्यायला मोठा कॅमेरा नेलात, तर अळीचे तोंड स्पष्ट आणि शेपूट पुसट अशी गत होते. रुंद छिद्रातून येणारे किरण एकाच पातळीवर नेमके जुळतात, पुढे-मागे विस्कटतात. फोनच्या चिमुकल्या छिद्रामुळे मात्र पुढचे-मागचे पुष्कळसे एकदम स्पष्ट येते. तेवढेच चौकटीत बसवले तर मोठ्या संवेदकाच्या मानाने सुमारे सहापट खोलवर. जो लहानपणा जंगलात आड आला, तोच येथे कामाला आला. (चेहऱ्यामागची झाडे धूसर करण्यासाठी म्हणूनच फोनला सोंग घ्यावे लागते. तेव्हा सायकलच्या आऱ्यांपाशी किंवा मोकळ्या केसांपाशी निरखून पाहा, सोंग उघडे पडते.)

शेतातल्या या कामाचा उपयोगही झाला आहे. कामगंध सापळ्यात सापडलेल्या पतंगांचा फोनने फोटो काढायचा आणि ते किती आहेत हे कार्यक्रमाने मोजायचे, अशी पद्धत मुंबईच्या वाधवानी एआय या संस्थेने कापूस उत्पादकांसाठी तयार केली. सलग तीन दिवस एका सापळ्यात रोज आठ किंवा अधिक गुलाबी बोंडअळीचे पतंग आले, तर फवारणीचा विचार करावा असा संकेत आहे. नेमकी मोजणी झाली, तर विनाकारण होणारी फवारणी वाचते. त्या मोजणीसाठी कोणी पन्नास हजारांचा कॅमेरा बांधावर नेणार नाही.

तेव्हा शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. शाळेच्या निसर्गमंडळासाठी थोडे पैसे जमले असतील आणि काम पिके, कीटक, फुले, प्रयोग, स्नेहसंमेलन असे असेल, तर वेगळा कॅमेरा घेऊ नये. असलेल्या फोनला आधार द्यायला एक तिवई पुरे. पक्षी आणि जनावरे टिपायची असतील, तर मात्र पैसे मेगापिक्सेलवर नव्हे, भिंगावर खर्च करावेत. जुना वापरलेला कॅमेरा आणि त्यावर बरे लांब भिंग हा सौदा नव्या महागड्या फोनपेक्षा मला अधिक शहाणपणाचा वाटतो. जंगलात जाताना प्रवेशद्वारावर नियम आधी विचारा. कित्येक ठिकाणी सफारीत मोबाइल वापरायला बंदी आहे.

आणि हे सारे माझ्या शब्दावर मानू नका. वर्तमानपत्राचे एक पान शाळेच्या भिंतीला चिकटवा. पाच, दहा, वीस, चाळीस पावलांवरून भर उन्हात फोनने त्याचे चित्र घ्या आणि कोणत्या अंतरापर्यंत बातमीची अक्षरे वाचता येतात, कोठून पुढे फक्त मथळा उरतो, हे वहीत नोंदवा. मग तोच प्रयोग दिवेलागणीला करा. अक्षराची रुंदी पट्टीने मोजून वरच्या सूत्राशी ताडून पाहा. आणि पुसट झालेल्या अक्षरांच्या जागी फोनने काही भलतीच अक्षरे काढून ठेवली आहेत का, तेही भिंगाखाली तपासा.