मुदत संपलेले यंत्र आणि जुने कोठार

पतपेढी असो, ग्रंथालय असो की शाळा असो, आजकाल प्रत्येक संस्थेच्या कचेरीत एक संगणक असा असतो की, त्याच्यासमोर कोणी बसत नाही, पण त्याच्यावाचून कोणाचे चालत नाही. सभासदांची खाती, पुस्तकांची देवघेव, विद्यार्थ्यांचे दाखले हे सारे त्याच्या पोटात असते. त्याला सर्व्हर म्हणतात. तो निमूटपणे चालतो, म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नाही. आणि कोणी पाहत नाही, म्हणूनच एके दिवशी तो कालबाह्य होऊन बसतो. अशा यंत्राचे काय करावे, आणि त्या कामी जुन्या आज्ञावल्यांचे सार्वजनिक संग्रह कितपत उपयोगी पडतात, हा आमच्या आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथमतः ‘कालबाह्य’ म्हणजे काय, ते पाहू. अशा सर्व्हरांपैकी पुष्कळ लिनक्सवर चालतात. १९९१ साली हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोर्वाल्ड्स याने लिनक्सचा गाभा जगापुढे ठेवला. या गाभ्याभोवती हजारो उपयुक्त आज्ञावल्या गोळा करून त्यांची एक सुसंगत मोट बांधणाऱ्या मंडळ्या पुढे निघाल्या. १९९३ साली सुरू झालेली डेबियन ही त्यांपैकी एक जुनी आणि विश्वासू मंडळी होय. तिच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातील पात्रांची नावे देण्याची प्रथा आहे. म्हणून स्ट्रेच, बस्टर, बुल्सआय अशी नावे पुढे आली, तर वाचकांनी बिचकू नये.

डेबियनच्या आज्ञावल्या ‘पॅकेज’ नावाच्या गाठोड्यांत बांधलेल्या असतात आणि ती गाठोडी ‘रिपॉझिटरी’ नावाच्या कोठारात ठेवलेली असतात. या कोठाराच्या प्रतिकृती देशोदेशी असतात. आपला सर्व्हर त्यांपैकी एकाकडे जातो, नवी यादी मागतो, आणि एखाद्या पॅकेजात दोष सापडून त्याची दुरुस्ती झाली असेल, तर ती उचलून आणतो. ही सेवा प्रत्येक आवृत्तीला सुमारे पाच वर्षे मिळते. जून २०१७ मध्ये निघालेल्या स्ट्रेचची ही मुदत ३० जून २०२२ रोजी संपली. मुदतीनंतर दुरुस्त्या बंद होतात, आणि कालांतराने ती आवृत्ती नेहमीच्या कोठारांतून उचलून जुन्या आवृत्त्यांच्या संग्रहात नेऊन ठेवली जाते. मग सर्व्हर जुन्या पत्त्यावर जातो आणि ‘येथे काही नाही’ असे उत्तर घेऊन रिकाम्या हातांनी परततो.

येथे कोणी म्हणेल, “चालते आहे ना? मग उगाच कशाला छेडायचे?” हा आक्षेप व्यवहारी वाटतो खरा, पण तो एका गैरसमजावर उभा आहे. यंत्र जुने झाले म्हणून त्यात नवे दोष शिरत नाहीत, हे खरे. परंतु मुळातच असलेले दोष नव्याने सापडतात. जानेवारी २०२२ मध्ये ‘पीकेएक्झेक’ या आज्ञावलीतील एक दोष जाहीर झाला. सर्व्हरवर साधा प्रवेश असलेल्या माणसाला त्यायोगे सर्वाधिकारी होता येत असे. हा दोष २००९ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून तेथे होता. बारा वर्षांहून अधिक काळ तो कोणाला दिसला नव्हता. स्ट्रेचची मुदत तेव्हा चालू होती, म्हणून तिला दुरुस्ती मिळाली. तिच्या आधीची जेसी ही आवृत्ती २०२० च्या जूनअखेरच मुदतीबाहेर गेली होती. तिच्या सार्वजनिक कोठारात ही दुरुस्ती आलीच नाही. दोष मात्र जाहीर झाल्यामुळे सज्जनांप्रमाणेच चोरांनाही कळला. कुलपाची खोट गावभर झाली आणि कुलूप तेच राहिले, अशी ही अवस्था होय.

दुरुस्ती उपलब्ध असूनही ती न लावल्याचा परिणाम काय होतो, हे अमेरिकेतील एक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीच्या प्रकरणात जगाने पाहिले. तिच्या संकेतस्थळावरील एका आज्ञावलीची दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच प्रसिद्ध झाली होती. ती लावली गेली नाही, आणि सुमारे १४ कोटी ७० लक्ष लोकांची खाजगी माहिती चोरीस गेली. पतपेढीच्या सभासदाला आकडा लहान वाटला, तरी त्याचे स्वतःचे खाते त्याच्या दृष्टीने लहान नसते.

आता संग्रहाकडे वळू. पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालांत बांधलेले कागद आहेत. ते जपून ठेवले आहेत. पण त्यांत कोणी नवा मजकूर लिहीत नाही. डेबियनचा संग्रह तसाच आहे. तेथे स्ट्रेचची पॅकेजे शेवटच्या दिवशी जशी होती, तशी मिळतात. त्यानंतर सापडलेल्या दोषांवर तेथे औषध नाही. म्हणून सर्व्हरला संग्रहाचा पत्ता दिला आणि ‘सर्व काही अद्ययावत आहे’ असा संदेश पडद्यावर उमटला, तर त्यावर भुलू नये. त्या संदेशाचा अर्थ एवढाच की, मुदत संपली त्या दिवसापर्यंत आपण पोचलो. संग्रह ही पायरी आहे, मुक्काम नव्हे.

तथापि ही पायरी अत्यावश्यक आहे. डेबियनमध्ये एका आवृत्तीवरून थेट तिसरीवर उडी मारता येत नाही. स्ट्रेचवरून बस्टर, बस्टरवरून बुल्सआय, तेथून बुकवर्म आणि मग ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली ट्रिक्सी, असाच क्रम धरावा लागतो. आणि प्रत्येक पाऊल उचलण्यापूर्वी हातातली आवृत्ती तिच्या अखेरच्या स्थितीला आणलेली असावी लागते. बस्टरचीही मुदत ३० जून २०२४ रोजी संपली आहे. तेव्हा पहिल्या दोन पायऱ्या संग्रहाच्याच आधाराने चढाव्या लागतात.

संग्रहाच्या दाराशी एक अडचण उभी राहते. कोठाराच्या यादीवर मंडळीची सही असते, आणि काही याद्यांवर ‘अमुक तारखेपर्यंत ग्राह्य’ असेही लिहिलेले असते. सही कशासाठी, तर वाटेत कोणी यादी बदलू नये म्हणून. तारीख कशासाठी, तर कोणी जुनीच यादी पुनःपुन्हा पुढे करून आपल्याला नव्या दुरुस्तीपासून वंचित ठेवू नये म्हणून. संग्रहातील यादी जुनी असणे हे स्वाभाविकच आहे. म्हणून तेवढ्यापुरती तारखेची तपासणी शिथिल करण्यास हरकत नाही. सहीची तपासणी मात्र कदापि बंद करू नये. सही पडताळण्याच्या किल्लीची मुदत संपली असेल, तर मंडळीचा नवा किल्लीसंच विश्वसनीय मार्गाने मिळवून बसवावा. तारीख आणि सही यांतील हा भेद न ओळखता दोन्ही तपासण्या एकदम बंद करणारे लोक घराचे दार सताड उघडे टाकून आत दुरुस्ती करीत बसतात.

प्रत्यक्ष कामाचा क्रम आमच्या मते असा असावा. सर्वांत आधी संपूर्ण माहितीची प्रत घ्यावी, आणि ती दुसऱ्या संगणकावर उतरवून खरोखर उघडते की नाही, ते पाहावे. न पडताळलेली प्रत म्हणजे न वठवलेली हुंडी. दुसरे, काम चालू असेतो सर्व्हर बाहेरच्या जगापासून तोडून ठेवावा. त्याला संग्रहापर्यंत जाता यावे, पण त्याच्यापर्यंत कोणाला येता येऊ नये. तिसरे, शक्य असल्यास आधी सर्व्हरच्या नकलेवर सारा प्रवास करून पाहावा. चौथे, परक्या कोठारांतून आणलेली पॅकेजे हुडकून बाजूला करावी, कारण वाटेत अडतात ती बहुधा तीच. पाचवे, प्रत्येक पायरीवर यंत्र पुन्हा सुरू करून रोजचे काम नीट होते ना, याची खात्री करावी. मगच पुढे जावे.

वाटेतले खाचखळगेही माहीत असावेत. बुल्सआयपासून सुरक्षा-कोठाराचे नाव लिहिण्याची पद्धत बदलली. जुने नाव तसेच ठेवले तर दुरुस्त्या मिळत नाहीत. पीएचपी ही भाषा स्ट्रेचमध्ये ७.० होती, ती बुकवर्ममध्ये ८.२ झाली, जुने संकेतस्थळ या बदलात हमखास अडखळते. जुनी पायथन २ बुकवर्ममधून गेलीच. पोस्टग्रेस वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की, नवी आज्ञावली आली म्हणजे जुनी माहिती आपोआप तिच्याकडे जात नाही. ती वेगळी हलवावी लागते. आणि प्रवास संपल्यावर संग्रहाचे पत्ते काढून टाकून तारखेची तपासणी पूर्ववत् करणे, हे शेवटचे काम बहुतेक जण विसरतात.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा नवे यंत्र घेऊन, त्यावर ताजी आवृत्ती बसवून माहिती तेवढी हलवावी, हे बरे नव्हे काय? पुष्कळदा हेच बरे, असे आम्ही निःसंकोचपणे सांगतो. सेंटओएस ७ वाल्यांना तर बहुधा तोच मार्ग धरावा लागतो. त्या आवृत्तीची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली; तिची पॅकेजे ‘व्हॉल्ट’ नावाच्या संग्रहात आहेत, पण पुढच्या आवृत्तीवर चढण्याचा जिना मूळ मंडळीने बांधलेला नाही. जागच्या जागी चढण्याचा मार्ग मुख्यतः अशांसाठी, ज्यांच्या सर्व्हरवर वर्षानुवर्षांच्या मांडणीची नोंद कोणी ठेवलेली नाही आणि ती यंत्राखेरीज दुसरीकडे कोठेच नाही.

तात्पर्य, यंत्राची मुदत ही अचानक कोसळणारी आपत्ती नव्हे. क्वचित ती आखडतेही. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंतचे आश्वासन असताना, ते २०२१ अखेर संपेल, असे डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले. पण एरवी तारीख आगाऊ ठाऊक असते. ट्रिक्सीची मुदत ३० जून २०३० पर्यंत आहे. संस्थेच्या कार्यकारी मंडळाने हिशेबतपासणीच्या तारखेशेजारी ही तारीखही लिहून ठेवावी, आणि त्याआधीच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात या कामासाठी रक्कम धरावी. ज्या मंडळ्यांनी आपल्या जुन्या आवृत्त्या फेकून न देता जगासाठी खुल्या ठेवल्या, त्यांचे उपकार मोठे आहेत. परंतु त्यांच्या संग्रहात जाण्याची वेळ आपल्यावर वारंवार न येणे, हीच त्या उपकारांची खरी फेड होय.