‘उचल्या’ वाचून झोप का उडते?

‘उचल्या’ वाचून संपवलेला माणूस लगेच दुसरं पुस्तक हातात घेत नाही. धर्माबादला माझ्या ओळखीत ज्यांनी ते वाचलं, त्यांचं सांगणं एकच: घास उतरेना, झोप लागेना. लक्ष्मण गायकवाड यांचं हे आत्मकथन 1987 साली आलं आणि 1988 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. कादंबरीसारखंच ते खेचून नेतं. पण यातलं जगणं लातूर जिल्ह्यातल्या धनेगावचं, म्हणजे आपल्याच मुलखातलं, आणि खरंखुरं.

लक्ष्मणचं घर पाथरुट जमातीचं. 1871 च्या कायद्याने इंग्रज सरकारने अशा कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा गेला. लक्ष्मणला कळू लागलं ते त्यानंतर, तरी पोलीस घरात शिरून मारतच होते. वस्तीत पोरांना चोरी शिकवताना आधी मार खायला शिकवायचे, म्हणजे ठाण्यात तोंड उघडायला नको. ही पानं वाचताना हात थांबतो.

मला त्याहून चटका लावतो तो शाळेचा प्रसंग. घरातलं पहिलं पोर शाळेत जाऊ लागतं आणि नेमकं त्याच वेळी वस्तीतल्या लेकरांना हगवण-उलट्या लागतात. माणसं बापाकडे येतात: तुझा पोरगा शाळेत जातो म्हणून आमची लेकरं आजारी पडली, काढ त्याला. शाळेने ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या दारात उभं केलं नाही, त्यांनीच शाळेला भ्यावं! अन्याय माणसाच्या आत किती खोल मुरतो, हे इतक्या कमी शब्दांत मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही.

करुण रसातून आनंद कसा मिळतो, हा वाद आपल्याकडे संस्कृत साहित्यशास्त्रापासून चालत आला आहे. सीतेच्या त्यागाने डोळे भरून येतात, रडून मन हलकंही होतं. ‘उचल्या’ मन हलकं होऊ देत नाही, कारण त्यात आपणही आहोत. बाजारात पाकीट गेलं की चौकशीआधीच पालांकडे बोट दाखवणारे आपणच. कीव करताना माणूस स्वतःला वरच्या पायरीवर ठेवतो. इथे ती पायरीच निसटते आणि शरम वाटते. झोप उडते ती या शरमेने.

वाचकाला असं अस्वस्थ करणं मराठीला नवं नाही. ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी 1890 पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली. विधवाविवाहाचा कायदा 1856 चा, म्हणजे तोवर चौतीस वर्षं जुना. तरी कादंबरीतल्या विधवा यमूचं केशवपन चुकलं नाही. यमूच्या वेळी आणि लक्ष्मणच्याही वेळी कायदा आधी आला होता, माणसांची मनं मागे राहिली होती. अशा पुस्तकाचं खरं काम तिथे असतं.

वाचनाने हे काम आपोआप होतं असं मात्र समजू नये. 2013 मध्ये अमेरिकेत डेव्हिड किड आणि इमॅन्युएल कास्टानो यांनी ‘सायन्स’मध्ये प्रयोग मांडले: साहित्यिक कथा थोडा वेळ वाचली तरी दुसऱ्याच्या मनातलं अधिक नीट ओळखता येतं. पुढे इतरांनी तेच प्रयोग करून पाहिले, तेव्हा अनेकांना हा परिणाम दिसला नाही. मला यात निराश होण्यासारखं काही वाटत नाही. पुस्तक आपल्याला अस्वस्थ करतं. त्या अस्वस्थतेचं काय करायचं हे वाचणाऱ्याने ठरवायचं.

धर्माबाद तेलंगणाच्या सीमेवरचं, रेल्वेचं, मिरचीच्या बाजाराचं गाव. पोटामागे माणसं येतात, पालं पडतात, उठतात. ‘उचल्या’ वाचून ज्यांना एक रात्र झोप आली नाही, त्यांना माझी विनंती आहे. यंदा जूनमध्ये आपल्या जवळच्या पालावर जा. सहा वर्षांची जी लेकरं दिसतील, त्यांचं नाव शाळेच्या पटावर आहे का, ते विचारा. नसेल तर त्यांच्या आईबापाला सोबत घेऊन मुख्याध्यापकांकडे जा आणि नाव घालूनच परत या.